पाटा परत मिळणेबाबत

सोपी वाट आहे, लहान मुलंही आरामात जातात, असं ज्या कुणी इंटरनेटवर लिहून ठेवलं आहे, त्याने एकदा आमच्या घरची माणसं बरोबर घेऊन ती वाट चालून दाखवावी. मी त्याला संत्र्यांची अख्खी पेटी बक्षीस देईन. वाटेबद्दल तो खोटं बोललेला नाही. तीन-सव्वातीन किलोमीटर, ना चढ ना उतार, आणि चुकायची सोयच नाही, कारण ती वाट म्हणजे रेल्वेचा रूळ आहे. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी जुनी मीटर गेज गाडी सातपुड्याच्या जंगलातून जायची. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. रूळ कुठे आहेत, कुठे मातीखाली गेलेत, पण जंगलाच्या पोटात एक लहानसं स्टेशन अजून उभं आहे. या जानेवारीत आम्ही ते पाहून आलो. स्टेशनचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे एक भला माणूस राहतो आणि हे वाचून दर रविवारी त्याच्या दारात गाड्यांची रांग लागावी अशी माझी इच्छा नाही.

आम्ही तिथे हौसेने गेलो नव्हतो. माझे सासरे, आबाजी, त्या स्टेशनवर काटेवाले होते, म्हणजे येणारी गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचा खटका ओढणारे. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, तिथल्या क्वार्टरमध्ये नऊ वर्षं राहिल्या. शेजार म्हणजे स्टेशनमास्तरांचं एक घर, बाकी अस्वलं. पस्तीस वर्षांपूर्वी आबाजींची अकोल्याला बदली झाली. सामान पॅसेंजरच्या गार्डाच्या डब्यात चढवायचं होतं आणि गाडी थांबणार होती दोन मिनिटं. गाद्या चढल्या, भांडी चढली, आठ वर्षांचा प्रशांत चढला (हाच पुढे माझा नवरा झाला), वरवंटा चढला आणि वरवंट्याचा पाटा दाराशी भिंतीला टेकून तसाच राहिला. आईंना तो चालत्या गाडीतून दिसला. त्यांनी आरडाओरडा केला तेव्हा आबाजी म्हणाले, "हो, पुढच्या गाडीनं आणतो."

त्यानंतर पंचवीसेक वर्षं पुढची गाडी त्या रुळावरून रोज जात-येत होती. पाटा काही आला नाही.

ज्यांनी जन्मात फक्त मिक्सर पाहिला त्यांना यात एवढं काय, ते कळणार नाही. पाटा-वरवंटा ही जोडी असते. बारशाला वरवंट्याला कुंची घालून बाळाआधी पाळण्याखालून-वरून फिरवतात. वरवंटा हे लेकरू, पाटा ही त्याची आई. शिवाय हा पाटा आईंना त्यांच्या आईने लग्नात दिलेला. माझ्या इराच्या बारशाला, भरल्या बायकांत वरवंटा हातात घेऊन आई म्हणाल्या, "याची माय जंगलात राह्यली, काटेवाल्याच्या कृपेनं." आबाजी उठून अंगणात गेले. चटणी वाटताना, वांगी चिरताना, शेजारच्या कुणाची बदली झाली तरीसुद्धा, हा विषय निघतोच. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी आईंना दोन्ही गुडघे बदलायला सांगितलं. त्यांनी जाहीर केलं, आधी पाटा, मग गुडघे. "दवाखान्यातून उठलीच नाई तं?" असं त्यांनी विचारल्यावर प्रशांतने जानेवारीतला एक रविवार ठरवला.

शनिवार, अकोला

माझं माहेरही अमरावतीचं आणि आम्ही राहतोही तिथेच. अमरावतीत लोक जेवून सहलीला निघतात. अकोल्यात सहलीला निघतात तेच मुळी जेवायला. जंगलात विस्तव लावता येत नाही, हे मी फोनवर तीनदा सांगितलं होतं. तरी आम्ही पोचलो तेव्हा दारात गोवऱ्यांचं पोतं बांधून तयार होतं. आईंचा बेत रोडग्यांचा होता. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे आणि कुस्करून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी.

"आई, तिथे काडी ओढली तरी दंड आहे," मी म्हणाले.

"मी नऊ वर्सं चूल पेटवली तठी. तवा कोनी इचारलं नाई."

"तेव्हा ते रेल्वेचं होतं. आता ते वाघाचं आहे."

"मंग वाघाले पन देऊ एक."

शेवटी संध्याकाळी गच्चीवर गोवऱ्या पेटल्या, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागला आणि पाच माणसांसाठी चाळीस रोडगे तयार झाले. प्रशांतने या कशात लक्ष घातलं नाही. त्याने नवे बूट आणले होते आणि ते घालून तो घरभर चालून बघत होता. पाटा सापडलाच तर वीस किलोचा तो धोंडा परत कोण आणणार, हे मी त्याला विचारलं. "बघू तेव्हा," म्हणाला. आमच्या घरात "बघू तेव्हा" हे वाक्य वडिलांकडून मुलाकडे आलेलं आहे.

रविवार सकाळ, अकोट मार्गे

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. पावणेनऊला निघालो. अकोटला आबाजींचे एक रेल्वेतले जुने मित्र राहतात, त्यांच्याकडे "फक्त दोन मिनिटं" थांबायचं होतं. वऱ्हाडात दोन मिनिटांत कुणाच्या घराबाहेर पडणं म्हणजे त्या घराशी कायमचं वैर. पोहे झाले, चहा झाला, त्यांच्या मळ्यातल्या संत्र्यांची पिशवी झाली. "काहून घाई करता बाप्पा, स्टेशन पळून जाते काय?" असं ते मित्र मला म्हणाले. स्टेशन पळणार नव्हतं, पण जंगलातून चारच्या आत बाहेर पडायचा नियम होता आणि घड्याळात साडेदहा झाले होते. आईंना काय वाटत होतं ते त्यांच्या हाताकडे पाहून कळत होतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली नव्हती तोच दुसऱ्या हातात काठी घेतली होती. मला त्या सगळ्या पुरुषमंडळींचा असा राग आला की मी जाऊन गाडीत बसले आणि हॉर्न वाजवला. माझ्या सासरच्या इतिहासात सुनेने हॉर्न वाजवण्याची ही पहिली वेळ असावी.

वनखात्याच्या नाक्यावर आमच्यासोबत एक वनरक्षक बाई दिल्या गेल्या. पंचविशीच्या, खाकी पँट, कमरेला वायरलेस, हातात काठी. त्यांनी सगळे नियम सांगितले. कचरा टाकायचा नाही, आवाज करायचा नाही, आणि जंगलातून काहीही उचलायचं नाही, पानसुद्धा. पाट्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, मी आबाजींकडे पाहिलं आणि आबाजी सागाच्या शेंड्याकडे पाहू लागले.

रुळावरून

जानेवारीत सातपुड्यात सागाची पानं गळून पडतात, थाळीएवढी, आणि त्यांवरून चालताना पापडाच्या गोदामात शिरल्यासारखा आवाज होतो. आवाज करू नका म्हणणाऱ्या बाई स्वतःही कडकड करतच चालत होत्या. दोन्ही बाजूंनी रायमुनियाची झुडपं, पुस्तकात जिला घाणेरी म्हणतात ती, रुळावर झुकलेली. मधूनच कडईचं पांढरंफटक झाड, पान नसलेलं, चुना लावल्यासारखं. ऊन कोवळं, हवा थंड. हे सगळं फार सुंदर होतं असं आता लिहिताना मला वाटतं. तेव्हा मी घड्याळ बघत होते.

सगळ्यांत नीट कोण चालत होतं तर आई. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी, नजर समोर. बाकीचे सगळे घोड्याने मध्येच पेंड खावी तसे थांबत होते. आबाजी तर प्रत्येक मोरीपाशी, म्हणजे रुळाखालच्या लहान पुलापाशी. या मोरीवर पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा ते कंदील घेऊन कसे उभे राहिले, त्या वळणावर रानडुकराने गार्डाचा जेवणाचा डबा कसा पळवला. ऐकायला गोड होतं, पण एका किलोमीटरमध्ये अशा सहा मोऱ्या.

"पाहा," आई न थांबता म्हणाल्या, "रानडुकराचं ध्यानात हाय. पाट्याचं तेवढं नाई."

मग प्रशांतची पाळी. झुडपावर तपकिरी मखमलीसारख्या शेंगा लोंबत होत्या. इराने फोटो काढायला फोन वर केला आणि हा बाबा शेंग हातात धरून तिला नीट दाखवायला गेला. वनरक्षक बाई ओरडेपर्यंत त्याने त्याच हाताने मान खाजवली होती. ती खाजकुयली होती. पुढची दहा मिनिटं मी लिहीत नाही. एवढंच सांगते की त्रेचाळीस वर्षांचा, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारा माणूस सागाच्या खोडाला पाठ घासत होता.

"याले शेन लावा लागते," बाई म्हणाल्या.

"इथे गाय कुठून आणू?" मी विचारलं.

त्यांनी अगदी गंभीरपणे रुळाच्या कडेला पडलेल्या गव्याच्या शेणाकडे बोट दाखवलं. प्रशांतने नकार दिला. मग आईंनी रोडग्यांच्या डब्यातलं तूप काढून त्याच्या मानेला चोपडलं. खाज थोडी कमी झाली, पण तुपावर जंगलाची सगळी धूळ येऊन बसली आणि नवऱ्याच्या मानेचा रोडगा झाला. या गडबडीत खाली ठेवलेली संत्र्यांची पिशवी एका वानराने उचलून झाडावर नेली आणि आमच्याकडे पाहत सालं सोलून खाली टाकू लागला. "पप्पा, त्याला कचरा टाकायचा नाही हे कुणी सांगितलं नाही का?" इरा म्हणाली. तिला नेटवर्क नव्हतं म्हणून ती आधीच चिडलेली होती.

मी मागे वळून पाहिलं तर आई कुठेच नव्हत्या. त्या एकट्याच पुढे निघून गेल्या होत्या. मी पळत सुटले.

स्टेशन

वळण संपलं आणि समोर पिवळी पाटी दिसली. अक्षरं उडालेली, एका बाजूने गंजलेली. प्लॅटफॉर्म रुळापेक्षा जेमतेम वीतभर उंच. तिकिटाच्या खिडकीतून पिंपळाचं मूळ आत शिरलेलं. खटके ओढायच्या लोखंडी दांड्या एका रांगेत अजून उभ्या होत्या. आबाजी त्यांच्यापाशी गेले, एकीवर हात ठेवला आणि ओढून पाहिली. ती हलली नाही.

आई सरळ क्वार्टरकडे गेल्या. मला वाटलं होतं तिथे भिंती तरी असतील की नाही. पण एका खोलीवर नवे पत्रे होते, दारात तुळस होती, वर सोलरची पाटी. वनखात्याचा पहारेकरी तिथे राहतो. बाबूलाल त्याचं नाव, पन्नाशीचा, कोरकू आदिवासी, कमरेला पंचा. तो दाराशी उकिडवा बसून जवसाची चटणी वाटत होता. पाट्यावर.

आई थांबल्या. पाट्याच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. तो कोपरा मी कधी पाहिला नव्हता, पण इतक्या वेळा ऐकला होता की मीही ओळखला.

"हा माहा पाटा होय," आई म्हणाल्या.

बाबूलालने वर पाहिलं. एवढ्या माणसांना दारात पाहून तो गडबडला. "मी आलो तवा हा उलटा पडेल होता माय, न्हानीच्या मोरीजवळ. मी सीधा केला."

आता वनरक्षक बाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आजी, जंगलातून काडी नेता येत नाही. नियम आहे."

"पाटा काय जंगलात उगवला?"

"इथे जे आहे ते सगळं वनखात्याचं."

"मी वनखात्याच्या आंधी आली अठी. मले इचारून घेतलं काय त्यायनं?"

तोंडाला तोंड सुरू झालं. तीन किलोमीटर चालून, चाळीस रोडगे वाहून, खाजकुयली लावून आम्ही इथे आलो आणि आता नियमाच्या कागदापाशी अडणार, हे दिसताच मी माझ्या आयुष्यात कधी बोलले नाही एवढ्या आवाजात बोलले. काय बोलले ते आठवत नाही. बाईंनी शेवटी वायरलेस काढला आणि बाजूला जाऊन त्यांच्या साहेबांशी बोलल्या. परत आल्या तेव्हा हसत होत्या. "साहेब म्हणाले, घरचंच सामान असेल तर साधा अर्ज लिहून द्या आणि न्या."

आबाजींना एवढंच हवं होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या वहीचं पान मागितलं आणि प्लॅटफॉर्मवर मांडी घालून लिहायला बसले. विषय: राहून गेलेला पाटा परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. पस्तीस वर्षं हा माणूस एक दगड आणू शकला नाही, आणि अर्ज चार मिनिटांत तयार झाला. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला राग यावा की दया यावी, ते कळेना.

प्रशांतचा चेहरा मात्र उतरला. पाट्याकडे पाहून त्याने मानेवरून हात फिरवला आणि पुन्हा खाजवायला लागला.

 बाबूलालने पाट्यावरची चटणी पानावर काढून घेतली, पाणी आणलं आणि पाटा धुवायला घेतला. न्यायला सोयीचा व्हावा म्हणून.

"राहू दे," आई म्हणाल्या. "मिरच्या हायेत काय?"

त्याने मिरच्या, लसूण, मीठ आणून दिलं. आईंना जमिनीवर बसता येत नाही. मी आणि इराने दोन्ही बगलांत हात घालून त्यांना खाली बसवलं, पाय लांब करून. वरवंट्याच्या जागी बाबूलाल नदीतला एक गोल गोटा वापरत होता. आईंनी तो हातात घेऊन तोलला, नाक मुरडलं आणि वाटायला सुरुवात केली. मध्येच थांबून त्यांनी पाट्यावर तळवा फिरवला.

"याले टाकी कोनं लावली?"

पाटा गुळगुळीत झाला की त्यावर छिन्नीने पुन्हा बारीक टोचे पाडावे लागतात, ती टाकी. पूर्वी दारावर टाकी लावणारे यायचे. अकोल्याला सासरच्या गल्लीत मी तरी कधी पाहिले नाहीत.

"मीच लावतो माय," बाबूलाल म्हणाला. "दर होळीले. नाई तं घसरते."

"चांगली लावली."

 ठेचा झाला. रोडगे कुस्करले, तूप उरलं होतं तेवढं घातलं, वनरक्षक बाई आणि बाबूलाल धरून सात जण जेवलो. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं. मी मिक्सरवर करते त्या ठेच्याला मी इतकी वर्षं ठेचा म्हणत होते, याची मला लाज वाटली. बाबूलालने डबे घासून दिले आणि म्हणाला, "घेऊन जा माय. मी पाहीन दुसरा पत्थर."

अडीच वाजले होते. प्रशांत शर्टाच्या बाह्या वर करत होता. तेवढ्यात आईंनी मला जवळ बोलावलं.

"मले एक सांग. घरी नेला तं तू वाटशीन काय याच्यावर?"

त्यांच्या मागे उभा राहून प्रशांत जोरजोरात नकाराची मान हलवत होता. त्याच्या शेजारी आबाजी, हातात अर्ज धरून, तेवढ्याच जोरात होकाराची. दोघांचाही मला संताप आला. हो म्हणायला माझं काय जात होतं? सत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांना पट्टे बांधून, एका दगडासाठी इथवर आली होती. पण त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि माझा ओटा, त्यावरचा मिक्सर, त्याची दोन भांडी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. अमरावतीच्या आमच्या घरी दुसरा एक पाटा न्हाणीघरामागे कुंडीखाली पडलेला आहे, तो मीच तिथे ठेवला होता.

"नाही, आई," मी म्हणाले. "दोन दिवस वाटेन. मग मिक्सर काढेन."

बोलून झाल्यावर मला रडू आलं. इतक्या दिवसभरच्या चिडचिडीचं ते रडू असेल, किंवा नसेल.

आईंनी पाट्यावर उरलेला ठेचा बोटाने निपटून बाबूलालच्या पानावर ठेवला. तांब्यातलं पाणी ओतून पाटा स्वतः धुतला, पदराने पुसला, त्याच्यावर एकदा डोकं टेकवलं. "होळीची होळी टाकी लावत जाय," त्याला म्हणाल्या. "कोपरा तेवढा सांभाळ."

"हो माय."

"मंग," आबाजी पुढे आले, "ह्या अर्जाचं काय करू?"

आईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या खांद्याला धरून उठता उठता त्या मला म्हणाल्या, "बरं केलं, नाई म्हनली. तुह्या सासऱ्यानं हो म्हटलं होतं."